लंगोटावरच्या मुंग्या

आमच्या घरी तान्ह्या मुलांचे लंगोट धुण्याचं काम दादीचं. बाळंतिणीनं चाळीस दिवस, म्हणजे चिल्ला पुरा होईपर्यंत, गार पाण्यात हात घालायचा नाही हा तिचा नियम होता आणि अम्मीच्या चारही बाळंतपणांत तिनं तो पाळला. परसात विहिरीजवळ एक पसरट दगड होता. रात्रीचे ओले लंगोट त्या दगडावर साठायचे आणि सकाळी दादी ते धोपटून दोरीवर टाकायची. १९७७ साली दिवाळीच्या सुमारास माझ्या धाकट्या भावाचा जन्म झाला. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. पंधरा-वीस दिवस झाले असतील, एका सकाळी दादीनं अम्मीला हाक मारून विचारलं, "बेटी, यावर दूध सांडलं होतं का गं?" लंगोटांच्या ढिगाला बारीक लाल मुंग्या लागल्या होत्या. भिंतीच्या फटीतून निघून थेट दगडापर्यंत त्यांची रांग होती.

दूध सांडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दादीनं लंगोट मुद्दाम दुसरीकडे, पायरीवर ठेवले. मुंग्या पायरीवर आल्या.

मूल जन्मापासून किरकोळच होतं. अंगावर पाजून झालं की लगेच पुन्हा तोंड वासायचं. लंगोट बदलला की पुन्हा ओला. पीत होतं आणि वाळत होतं. तालुक्याच्या गावी दवाखान्यात नेलं, तेव्हा दादीनं डॉक्टरांना मुंग्यांचंही सांगितलं. डॉक्टर माणूस वाईट नव्हता, पण तो हसला आणि म्हणाला, "आजी, घर स्वच्छ ठेवत चला." सत्तेचाळिसाव्या दिवशी मूल गेलं. शेवटच्या रात्री त्याचा श्वास भात्यासारखा चालला होता, तेवढं मला आठवतं. कागदावर न्यूमोनिया लिहिलं गेलं. गल्लीतल्या बायकांनी कागद पाहिला नव्हता. त्यांच्या मते अम्मीचं दूध बाधलं होतं. कोणी नजर म्हणालं. पुढे काही वर्षांनी शिकले-सवरलेले लोक म्हणू लागले, भावकीतलं लग्न, दुसरं काय होणार!

मंडळी, एवढं घरगुती बोलून सुरुवात केली, कारण आज ज्या इतिहासाबद्दल मला बोलायचं आहे त्यात मुंग्या अगदी आरंभापासून आहेत. चरकसंहितेत प्रमेहाची पूर्वलक्षणं सांगितली आहेत. माणसाच्या अंगाकडे आणि मूत्राकडे मुंग्या नि भुंगे धाव घेतात, हे त्यात आहे. म्हणजे दादीचं निरीक्षण किमान दीड-दोन हजार वर्षांचं जुनं होतं. तिनं चरकाचं नाव ऐकलेलं असण्याचा संभव नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपास आरेटियस नावाच्या ग्रीक वैद्यानं लिहिलं की या आजारात माणसाचं मांस जणू वितळून लघवीवाटे निघून जातं. त्या आजाराचं ग्रीक नाव पाणी वाहून नेणाऱ्या नळीवरून पडलं. तेच नाव अरबी हकिमांनी घेतलं आणि ते उर्दूत 'ज़ियाबेतीस' म्हणून राहिलं. आमच्या घरात मात्र त्याला नुसतं 'शक्कर' म्हणत.

१७७६ साली लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन या डॉक्टरनं रुग्णाची लघवी आटवली. तळाशी जो साका राहिला त्याला तांबूस साखरेसारखा वास आणि तशीच चव होती. रक्ताचं पाणीही त्याला गोड लागलं. तेव्हाचे डॉक्टर चाखून पाहत, यात नवल नाही. १८८९ साली स्ट्रासबुर्गमध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं आणि त्या कुत्र्याला मधुमेह झाला. त्याच्या लघवीवर माश्या घोंघावू लागल्या म्हणून हा शोध लागला, अशी गोष्ट सांगतात. ती खरी की मागाहून रचलेली, यावर वाद आहे. मला ती खोटी ठरली तर वाईट वाटेल.

त्यानंतरचा भाग बहुतेकांना शाळेपासून ठाऊक असतो. टोरोंटोत १९२१ च्या उन्हाळ्यात बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग, मॅक्लाऊड यांची प्रयोगशाळा, कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं, ते साधलं नाही. २३ जानेवारीला अधिक शुद्ध अर्क दिला आणि तो साधला. मरणाच्या दारातलं ते पोर पुढे तेरा वर्षं जगलं. त्याआधी अशा मुलांवर एकच इलाज होता, उपासमार. फ्रेडरिक ॲलन नावाचे अमेरिकन डॉक्टर मुलांना मोजून-मापून इतकं कमी खायला देत की ती साखरेनं मरण्याऐवजी जरा उशिरा भुकेनं मरत. इन्शुलिनचं पेटंट संशोधकांनी एकेका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकलं. आजच्या औषधांच्या किमती पाहिल्या की हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

पण या सगळ्या इतिहासात तान्हं मूल कुठे आहे? चौदा वर्षांचा मुलगा आहे, म्हातारे आहेत, कुत्रे आहेत. अंगावर पिणाऱ्या मुलाला उपाशी ठेवणं शक्य नव्हतं आणि त्याला मधुमेह असू शकतो हे फार थोड्यांच्या मनात येत होतं. साखर हा खात्यापित्या घरचा, उतारवयाचा आजार, अशी समजूत आमच्याच गावात होती असं नाही.

इथे एक खुलासा. मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. हे जे सांगतो आहे ते माझ्या कवितांचे एक वाचक बालरोगतज्ज्ञ आहेत, त्यांच्याशी झालेल्या बोलण्यातून आणि त्यांनी वाचायला दिलेल्या कागदांतून समजलेलं आहे. त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं की नवजात बाळाच्या रक्तात साखर जास्त निघाली म्हणजे मधुमेहच झाला असं नव्हे. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, किलो-दीड किलोच्या बाळांना सलाईनमधून ग्लुकोज द्यावं लागतं, जंतुसंसर्ग झालेला असतो, आणि त्यांचं शरीर ती साखर सांभाळू शकत नाही. साखर दीडशे मिलिग्रॅमच्या वर जाते आणि बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप किंवा थोड्या उपचारानं उतरते. खरा मधुमेह घेऊन येणारं मूल साधारण लाखात एक. त्यातल्याही जवळपास निम्म्या मुलांचा तो काही महिन्यांत नाहीसा होतो, आणि कधीकधी वयात येताना परत येतो. उरलेल्यांचा जन्मभर राहतो. ही मुलं जन्मतःच बारीक असतात, कारण पोटात असताना बाळ वाढतं ते त्याच्या स्वतःच्या इन्शुलिनवर. डॉक्टर हे सांगत होते आणि मला दादीच्या मांडीवरचा तो किरकोळ जीव दिसत होता.

इन्शुलिन आलं तरी तान्ह्या मुलाला ते देणं सोपं नव्हतं. आपल्याकडच्या नेहमीच्या बाटलीत एका मिलिलिटरला चाळीस युनिट असतात. म्हणजे एका थेंबात दोन युनिट. मुलाला हवं असतं अर्धं युनिट, कधी त्याहून कमी. पाव थेंब मोजायचा कसा? पातळ करून, सुईच्या बारीक रेघा मोजून आया ते देत आल्या. जरा जास्त गेलं तर साखर घसरून झटके येणार, कमी पडलं तर मूल वाळणार. दिवसातून तीन-चार वेळा, आणि तेही आयुष्यभर.

आता मला तुम्हांला दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिए गावी न्यायचं आहे. साल १९४२, युद्ध चालू आहे, खायची टंचाई आहे. तिथल्या रुग्णालयात मार्सेल जाँबों नावाचे प्राध्यापक टायफॉईडच्या रुग्णांना एक नवं सल्फा औषध देऊन पाहत होते. औषधाला नावही नव्हतं, कारखान्याचा आकडा होता, २२५४. काही रुग्णांना दरदरून घाम फुटला, झटके आले, ते बेशुद्ध झाले. काही दगावले. रक्त तपासलं तर साखर तळाला गेलेली. एखादा डॉक्टर औषध बंद करून गप्प बसला असता. जाँबोंनी ही गोष्ट ओगुस्त लुबातिएर या सहकाऱ्याच्या कानावर घातली. लुबातिएरनं त्याच वर्षी जूनमध्ये कुत्र्यांना ते औषध दिलं, साखर उतरली. मग स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांना दिलं. साखर हलली नाही. त्यावरून त्यानं ताडलं की हे औषध स्वतः साखर कमी करत नाही, ते स्वादुपिंडाकडून इन्शुलिन सोडवून घेतं. याच जातीची टोल्ब्युटामाईडची गोळी १९५६ साली बाजारात आली आणि साठीच्या दशकाअखेरीस तिच्याहून कितीतरी पट जोरकस अशी ग्लिबेनक्लामाईड आली. जगभरच्या म्हाताऱ्या मधुमेह्यांनी ती कोट्यवधींनी गिळली. ती नेमकी कुठली कळ दाबते, ते मात्र अजून कळायचं होतं.

ते कळायला ऐंशीचं दशक उजाडलं. स्वादुपिंडातल्या ज्या पेशी इन्शुलिन तयार करतात, त्यांच्या भिंतीत पोटॅशियम बाहेर जाण्यासाठी बारीक दारं असतात. १९८४ साली फ्रान्सिस ॲशक्रॉफ्ट या इंग्रज शास्त्रज्ञ बाईंनी दाखवलं की पेशीत ग्लुकोज आलं की ही दारं मिटतात. दार मिटलं की पेशीतला विजेचा भार बदलतो, कॅल्शियम आत शिरतं आणि इन्शुलिन बाहेर सुटतं. म्हाताऱ्यांची ती गोळी काय करते? ग्लुकोजची वाट न पाहता बाहेरून हेच दार ओढून घेते. इतकी साधी गोष्ट आहे, आणि ती समजायला जाँबोंच्या रुग्णांपासून चाळीसेक वर्षं गेली.

समजा, एखादं मूल असं जन्मलं की त्याच्या पेशींचं हे दारच बिघडलेलं आहे, कितीही साखर आली तरी ते मिटतच नाही. पेशी जिवंत आहेत, इन्शुलिन भरलेलं आहे, पण बाहेर पडत नाही. कोठारात धान्य आणि घरात उपास, असा प्रकार. इंग्लंडमधल्या एक्झिटर इथले डॉक्टर अँड्र्यू हॅटर्सली, त्यांच्या सहकारी ॲना ग्लॉयन आणि ॲशक्रॉफ्ट बाई यांनी नेमकं हेच शोधलं. जन्मापासून मधुमेह असलेल्या २९ जणांची जनुकं तपासली, तर १० जणांत त्या दाराचा आराखडा ठरवणाऱ्या जनुकात चूक निघाली. एप्रिल २००४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. जनुकाचं नाव केसीएनजे-११, यंत्राच्या सुट्या भागासारखं. पुढची पायरी उघड होती. २००६ साली त्याच गटानं अशा ४९ रुग्णांचा अनुभव छापला. त्यांना इन्शुलिनऐवजी ती जुनी गोळी मोठ्या मात्रेत दिली होती. ४४ जणांचं इंजेक्शन सुटलं, आणि साखर इंजेक्शनवर असताना राहायची त्याहून चांगली राहू लागली. अशा ८१ जणांचा सुमारे दहा वर्षांनंतरचा हिशेब २०१८ साली आला, त्यात ७५ जण अजून नुसत्या गोळीवर होते. तेच दार मेंदूतही असतं. त्यामुळे यांतली काही मुलं उशिरा बोलतात, उशिरा चालतात, काहींना झटके येतात. गोळी लवकर सुरू झाली तर तिथेही थोडा फरक पडतो. म्हणून उशीर महाग असतो.

माझ्या डॉक्टर मित्रानं स्वतः असं एक मूल पाहिलं आहे. तीन महिन्यांची मुलगी, साखर पाचशेच्या वर. तपासणीत दाराचा बिघाड निघाला. तिची आई दोन चमच्यांमध्ये गोळी चिरडून पाण्यात कालवून पाजते, हे ते मला हातानं करून दाखवत होते. मी त्यांच्या हातांकडे पाहत होतो आणि मला आमच्या माजघरातला कोनाडा आठवला. माझ्या दादांना साखर होती. ते उर्दू शाळेत मास्तर होते. त्यांच्या तसबीहशेजारी पत्र्याच्या डबीत डाओनिलच्या गोळ्या असत. डाओनिल म्हणजेच ग्लिबेनक्लामाईड. त्याच कोनाड्यात बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाची बाटली आणि काचेची नळी होती. दर जुम्म्याला दादा स्पिरिटच्या दिव्यावर ती नळी तापवून आपली लघवी तपासत. हिरवा रंग आला तर खूश, पिवळा आला तर त्या दिवशी भात बंद, विटकरी आला तर दवाखाना. आम्ही मुलं ते रंग पाहायला भोवती बसायचो. लंगोटाचं पाणी पिळून त्या नळीत घालावं, हे त्या महिन्या-दीड महिन्यात घरातल्या कोणालाही सुचलं नाही. दादांनाही नाही, आणि मुंग्या पाहणाऱ्या दादीलाही नाही.

आता लगेच सांगतो: घरातल्या म्हाताऱ्याची गोळी तान्ह्या मुलाला कोणी कधीही देऊ नये. ज्याचं दार धड आहे अशा बाळाची साखर ती तळाला नेईल. माँपेलिएचे रुग्ण आठवा. करायचं ते इतकंच, की मूल सारखं पीत असेल, सारखं भिजवत असेल आणि तरी वाळत असेल तर रक्तातली साखर पाहायला सांगायचं. आणि सहा महिन्यांच्या आत मधुमेह निघाला तर जनुकाची तपासणी करा, असा आता जगभरच्या डॉक्टरांचा नियम आहे, कारण मोठ्या मुलांना होणारा नेहमीचा मधुमेह त्या वयात जवळजवळ होतच नाही. आपल्या देशात चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशननं अशा कितीतरी मुलांची जनुकं तपासली आहेत. एक्झिटरनं जगभरातून आलेले नमुने फुकट तपासून दिले. २०१५ साली त्यांनी ७९ देशांतल्या १,०२० मुलांचा हिशेब मांडला. त्यांतल्या ८४० जणांच्या आजाराचं जनुकीय कारण सापडलं होतं.

त्या हिशेबातल्या दोन आकड्यांवर मी अडलो. दाराचा बिघाड, म्हणजे गोळीनं बरा होणारा प्रकार, परक्या घरांत लग्नं झालेल्या आईबापांच्या मुलांत शंभरात ४६ होता. रक्तातल्या नात्यात लग्न झालेल्यांच्या मुलांत फक्त १२. तिथे दुसरा एक आजार जास्त. वोल्कॉट आणि रॅलिसन यांनी १९७२ साली वर्णन केलेला. त्यात आईबाप दोघांकडून सदोष जनुक यावं लागतं, पेशीच मरतात आणि गोळीचा काही उपयोग नसतो.

माझी अम्मी ही अब्बांच्या मामाची मुलगी. म्हणजे दादी तिची सासू नंतर, फुफी आधी. अशी लग्नं मुसलमानांतच होतात असं मानणाऱ्यांनी आपल्या गावातल्या सोयरिकी मोजाव्यात. मामाच्या मुलीवरचा हक्क मराठी घरांना नवा नाही. पण हे उत्तर मी दुसऱ्यांना देऊ शकतो. अम्मीला काय द्यायचं?

२०१९ च्या रमजानमध्ये एका संध्याकाळी, इफ्तारनंतर, मी तिला हे सगळं सांगितलं. तिनं पंचाहत्तरी ओलांडली होती. गोळीचं ऐकून तिनं पहिल्यांदा विचारलं, "दादांची ती पांढरी?" मी म्हटलं, "तीच." ती म्हणाली, "मग त्या डॉक्टरला ठाऊक नव्हतं?" मी सांगितलं, तेव्हा जगात कोणालाच ठाऊक नव्हतं, २००४ साली कळलं. तिनं बोटांवर मोजलं. म्हणाली, "सत्तावीस वर्षांचा असता."

मग जो प्रश्न येणार हे मला माहीत होतं, तो आला. "आम्ही मामे-आते भावंडं, म्हणून झालं का रे?"

मी तिला खरं ते सांगितलं. दाराचा बिघाड असेल तर नाही. तो बहुतेक वेळा मुलातच नव्यानं होतो, आईबापांच्या रक्तात नसतो. दुसरा प्रकार असेल तर हो, नात्यातल्या लग्नात तो जास्त दिसतो, पण तो दोघांकडून येतो, एकट्या आईकडून कधीच नाही. आणि दुधाचा दोन्हींत काही संबंध नाही. दोन्हींतलं काय होतं, किंवा साखर होती की खरंच न्यूमोनिया होता, हे आता कोणी सांगू शकणार नाही. रक्त तपासलंच नव्हतं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. दस्तरखान गुंडाळला, उरलेले खजूर झाकून ठेवले. मग दारातून मागे वळून म्हणाली, "फुफीला दिसलं होतं. यावर कधी लिहिलंस, तर मुंग्यांचं लिही."

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)